दुर्बीणवाल्याचा शब्द

९ फेब्रुवारी

रायफल घरी आली. जेवणाच्या टेबलावर ब्लँकेट अंथरून तिला निजवली आहे, आणि टेबलाला हात लावायचा नाही असं मी बजावल्यामुळे आयलीन ओट्याशी उभ्याउभ्या सूप पिते आहे. "लग्नाच्या दिवशी माझ्याकडेसुद्धा असा बघत नव्हतास," असं ती म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

ऑर्विल प्रिबच्या आजोबांची शार्प्स. १८७७ सालची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. बिलिंग्जपासून डेन्व्हरपर्यंतचे संग्राहक तिच्यासाठी ऑर्विलच्या दाराशी येऊन गेले. त्याने सगळ्यांना कॉफी पाजली आणि हात हलवत परत पाठवलं. माझ्याकडे अशा जुन्या एकबारी रायफली सहा-सात आहेत, पण त्याच्या घरी गेलो की माझी नजर भिंतीवरच्या तिच्यावरून हलायची नाही. आज सकाळी त्याचा फोन आला. "लॉईड, येऊन घेऊन जा. माझा खांदा कामातून गेला. आता मला मारवत नाही."

पैशांचं नावसुद्धा काढू दिलं नाही. भिंतीवरून त्यानेच काढली, नळीवरून अंगठा फिरवत टोकाकडे आणला आणि वीतभर अलीकडे थांबला. तिथे नळी चेपून एक बारीकसा खोमा पडला आहे. आजोबांच्या हातून ती गाडीच्या चाकाखाली आली होती.

"साफ करताना गज इथे अडखळतो," तो म्हणाला. "आजोबा म्हणायचे, पोरीला उचकी लागते. घाबरायचं नाही, जोर लावायचा नाही. उचकी लागली की समजायचं, टोक जवळ आलं."

दोन अटी घातल्या. एक, जूनच्या नेमबाजीच्या सामन्यात ती मी मारायची आणि दुर्बिणीवर तो बसणार. दुसरी, तिच्यात काहीएक बदलायचं नाही. "पॉलिश नाही, स्क्रू नाही, काही नाही. आजोबांनी ठेवली तशी राहू दे."

मी म्हटलं, माझी जीभ झडेल पण असलं काही करणार नाही. ते मी मनापासून म्हटलं.

१४ फेब्रुवारी

कॅफेत रसेल डाल भेटला. हा तोच प्राणी, ज्याने गेल्या वर्षी एक उत्तम जुनी बॅलार्ड रायफल विकत घेऊन तिचा शंभर वर्षांचा तपकिरी रंग मशीनवर घासून काढला. आता ती टोस्टरसारखी चमकते. मी सगळ्यांच्या देखत त्याला सांगितलं की असल्या माणसाला जुनी वस्तू देणं म्हणजे आजीला तरुण दिसावी म्हणून सोलून काढणं. टेबलं हसली. रसेल लाल झाला.

"तुझी भिंतीवरचीच शोभा आहे," तो म्हणाला. "त्या नळीत आता राम राहिलेला नाही. बायसन लांब राहिला, डोंगराला तरी लागते का बघ."

मग मीही बोलून गेलो. जूनमध्ये आठशे यार्डांवरच्या लोखंडी बायसनला याच रायफलने मारून दाखवीन, म्हटलं. वेट्रेस जोलीनने ते खडूने पाटीवर, त्या दिवशीच्या गोड पदार्थाच्या म्हणजे पायच्या नावाखाली लिहून ठेवलं. ऑर्विल शेजारीच बसला होता. पाटीवर आज कुठली पाय आहे हे त्याने मला वाचायला लावलं. तोंडात घास असताना मला बोलायला लावायची त्याची जुनी खोड.

२ मार्च

बर्फ वितळलं. घळीत, आमच्या नेमबाजीच्या जागी, पहिल्यांदा मारली. काय तिचं अंग, काय तिचा चाप. खांद्याला बसणारा धक्का म्हणजे जुन्या मित्राने मारलेली थाप.

आमची पद्धत ठरलेली आहे, आधीच्या रायफलींवर वीस वर्षांची. मी पालथा पडतो आणि उठत नाही. बंदुकीच्या काळ्या दारूचा धूर एवढा होतो की गोळी कुठे गेली हे मारणाऱ्याला कधीच दिसत नाही, ते बघणं दुर्बीणवाल्याचं काम. "उजवीकडे, अर्धा बायसन", "खाली, एक हात", असं गोळी गेली ती जागा तो सांगतो आणि मी मागची साईट, म्हणजे नेम धरायची खाच, तेवढीच उलट बाजूला फिरवतो. दर गोळीनंतर नळीत ओली चिंधी घालून गज फिरवणंही ऑर्विलकडेच. आणि एक नियम, जो आमच्याकडे बायबलइतकाच चालतो: मारणाऱ्यांच्या रांगेवर दुर्बीणवाल्याशी वाद घालायचा नाही. त्याने सांगितलं ते झालं.

जवळचे नेमाचे पत्रे बरे लागले. लांबच्या बायसनला मात्र दोनदाच घंटेसारखा आवाज आला. ऑर्विल जरा संथ झाला आहे. पूर्वी गोळी पोचायच्या आत याचं "लागली" यायचं. आता आवाज येऊन गेला की मग सावकाश म्हणतो, "लागली." वय झालं.

१७ मार्च

लागत नाही. आज जेवढ्या मारल्या तेवढ्यांपैकी एक लागली, तीही चुकून. ऑर्विल म्हणाला उजवीकडे, मी डावीकडे घेतली. मग म्हणाला फारच डावीकडे. मग खाली. मग पुन्हा उजवीकडे. मी साईट अशी फिरवत राहिलो की शेवटी स्क्रू कुठून सुरू केला होता हेच विसरलो.

त्याला म्हटलं, शनिवारी कागदावर मारून पाहू, भोकं मोजता येतील. त्याची पाठ धरली आहे, कागदापर्यंत चालवणार नाही, असं म्हणाला. मी एकटा जातो म्हटलं तर त्याचा चेहरा एवढासा झाला. राहू दिलं.

२९ मार्च

रसेलने कॅफेत विचारलं, "डोंगर सापडला का?" जोलीनसुद्धा हसली. पाटीवरचं वाक्य अजून तसंच आहे, फक्त वरचं पायचं नाव बदलत जातं.

मला लाज वाटते, आणि ज्याची वाटते ते सांगायचीही लाज वाटते. सदुसष्ट वर्षांचा माणूस, घरी बायको, नातवंडं, हृदयाच्या दोन गोळ्या रोज, आणि कॅफेतल्या हसण्याने मला रस्ता बदलून घरी यावंसं वाटलं. पण माझ्यापेक्षा ऑर्विलसाठी वाईट वाटतं. ज्या रायफलीसाठी त्याने आयुष्यभर लोकांना परत पाठवलं, तीच नालायक निघाली तर? सामन्याला चार राज्यांतले लोक येतात. त्यांच्यासमोर त्याच्या आजोबांची अब्रू माझ्या हातून जाणार.

आयलीनला हे सांगितलं. ती म्हणाली, "ऑर्विलला जेवायला बोलाव. काल पोस्टाच्या दारात भेटला. मी बोलले तेव्हा त्याला कळलं मी कोण." मी म्हटलं, विषय काय आणि तू बोलतेस काय.

६ एप्रिल

डेल क्रूगरकडे रायफल घेऊन गेलो. डेल बंदुका दुरुस्त करतो. तो तोंडाने कमी आणि भुवयांनी जास्त बोलतो. त्याने नळीत दिवा घातला, दोन्ही बाजूंनी पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"थोडे खड्डे पडलेले आहेत. पण गोळीला फिरकी देणारा आतला पीळ माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त शिल्लक आहे. या नळीने एवढं चुकू नये."

"चुकते आहे."

"हा खोमा आत किंचित फुगलाय. पण तो शंभर वर्षं आहेच की." मग थोडा थांबून म्हणाला, "एकदा दुसऱ्या कुणाला दुर्बिणीवर बसवून बघ."

मला राग आला. म्हटलं, डेल, ऑर्विल प्रिबने त्या घळीत दुर्बीण धरली तेव्हा तू लंगोटात होतास. त्याच्या शब्दावर शंका घ्यायची तर मी शूटिंगच सोडतो. डेलने भुवया खाली घेतल्या.

नळी आतून कोरून काढायची आणि तिच्यात नवी पोलादी नळी बसवायची, याला डेल अस्तर घालणं म्हणतो. कोटाला घालतात तसं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. रंग तोच, खोमा तोच, आकडे तेच. मी त्याला तेच करायला सांगितलं. त्याने विचारलं, "ऑर्विलला माहीत आहे?"

"आहे," मी म्हणालो.

घरी येताना गाडीत रेडिओ लावला नाही.

७ एप्रिल

काल लिहिलेलं वाचलं. स्वतःला एवढंच सांगतो की अट होती "आजोबांनी ठेवली तशी", आणि आजोबांनी ती नेम लागणारी ठेवली होती. हे वाक्य मी दाढी करताना तयार केलं. दाढी होईपर्यंत ते चांगलं वाटत होतं.

रसेल डालने बॅलार्ड घासली ती दिवसाढवळ्या, आणि सगळ्यांना दाखवली.

२८ एप्रिल

रायफल परत आली. डेलने काम सुरेख केलं आहे. टोकाशी भिंग धरूनही जोड दिसत नाही. गज लोण्यात सुरी जावी तसा आरपार गेला. मी तीनदा फिरवून पाहिला, इतका छान वाटत होता.

ऑर्विलला सांगितलं होतं की दस्त्याला जवसाचं तेल पाजायला दिली आहे. "तेल चालेल," असं तो फोनवर म्हणाला होता. "तेल आजोबाही लावायचे."

४ मे

घळ. हिरवळ दिसायला लागली आहे. वारा नव्हता. ऑर्विलला वाऱ्याचे दिवस नको असतात हल्ली, कान दुखतात म्हणतो.

पहिली गोळी मारली. ऑर्विलने नळीत गज घातला. टोक जवळ आलं तसा तो थांबला. मग टोकापर्यंत नेला. बाहेर काढला, दुसरी चिंधी लावली आणि पुन्हा सावकाश घातला, डोळे मिटून. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही. आज ऊन आहे."

नंतर दर गोळीला तो गज तसाच सावकाश फिरवत राहिला. मी मात्र खुशीत होतो, कारण पहिल्या पाचांत बायसन दोनदा वाजला. मग पुन्हा तेच सुरू झालं. उजवीकडे, डावीकडे, खाली. जाताना त्याने रायफल माझ्या गाडीत स्वतः ठेवली आणि ब्लँकेट तिच्यावर ओढून घेतलं.

"लॉईड, तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक रायफलीची नाहीये," तो म्हणाला.

किती मोठ्या मनाचा माणूस. म्हणजे चूक माझी, एवढं त्याला म्हणवलं नाही.

२१ मे

चूक माझीच आहे. आता नळीचं कारण उरलं नाही. हात थरथरतात का ते नळीवर नाणं तोलून पाहिलं, नाणं हललं नाही. डोळे तपासून आलो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तुमच्या वयाला शोभतात त्यापेक्षा चांगले आहेत. गॅरेजमध्ये शिसं वितळवून नव्या गोळ्या ओतल्या, एकेक तोलली, हलकी निघाली ती परत वितळवली. घरभर गोळ्यांना लावायच्या मेणाचा आणि चरबीचा वास आहे. आयलीनने पडदे धुतले आणि माझ्याशी दोन दिवस मोजकं बोलली.

ज्या कामासाठी मी शब्द मोडला ते कामही झालं नाही. चोरी करून रिकामी पेटी घरी आणावी तसं झालं आहे. ऑर्विलचा फोन आला की मी उगाच वाजू देतो. तोही हल्ली कमी करतो.

१४ जून

सामना झाला. आज लिहवत नाही.

१५ जून

लिहितो. न लिहिता बरं वाटेल असंही नाही.

काल सकाळपासून वारा होता आणि तो पाठीमागून, म्हणजे आमच्याकडून पत्र्यांकडे. रांगेवर तंबू फडफडत होते. आमच्या मागे खुर्ची टाकून स्कोअर लिहायला वायोमिंगची एक बाई बसली होती. स्वतःची दुर्बीण, डोक्यावर उन्हाची हिरवी टोपी, तोंडात पुदिन्याची गोळी. रसेल डाल शेजारच्याच चौकटीत. जोलीनसुद्धा सुट्टी घेऊन आली होती.

जवळच्या पत्र्यांवर जेमतेम निभावलं. मग बायसन. पहिली मारली. धूर विरेपर्यंत ऑर्विल थांबला आणि म्हणाला, "चुकली. डावीकडे, अर्धा."

मागून बाई म्हणाली, "लागली."

मी वळून पाहिलं. ती कागदावर खूण करत होती. ऑर्विलने दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. मला वाटलं, बाईची चूक. पण ऑर्विल म्हणाला होता डावीकडे, म्हणून साईट उजवीकडे घेतली. नियम तो नियम. दुसरी मारली.

"चुकली. डावीकडेच."

"उजवीकडून गेली," बाई म्हणाली. "एक अख्खा बायसन उजवीकडून. तुम्ही का हलवलीत? पहिली मधोमध होती."

रसेल हसला. फार मोठ्याने नाही, पण मला ऐकू येईल एवढं. माझं डोकं फिरलं. चार महिन्यांचं सगळं, पाटीवरचं वाक्य, पडदे, डेलच्या भुवया, सगळं त्या क्षणी वर आलं. मी कोपरावर उठलो आणि रांगेवर कधी बोलायचं नाही ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"अरे, आंधळा झालास का तू?"

ऑर्विलने दुर्बिणीवरून तोंड बाजूला केलं. माझ्याकडे पाहिलं, पण माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी.

"हो," तो म्हणाला.

नुसतं एवढंच, आज कुठला वार असं विचारल्यावर सांगावं तसं. वायोमिंगच्या बाईने पेन्सिल खाली ठेवली. रसेल डालने टोपी काढली. का काढली त्याचं त्यालाच कळलं नसेल. ऑर्विल गुडघ्यावर हात ठेवून उठला. वाटेत माझ्या काडतुसांच्या डब्याला त्याचा पाय लागला तेव्हा रसेलनेच त्याला कोपराशी धरलं आणि गाडीपर्यंत नेलं. मी नाही. मी पालथा पडून होतो आणि उरलेल्या गोळ्या मारायच्या की नाही याचा विचार करत होतो. खरं सांगायचं तर बाईने विचारलं, "पुढची?" आणि मी काडतूस भरलंसुद्धा. मग काढलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं आहे.

१८ जून

आयलीन म्हणाली, "तुला खरंच माहीत नव्हतं?"

ऑर्विलच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. कडेनं दिसतं, समोरचं नाही. बघायचं ते सोडून बाकी सगळं दिसतं, असं त्याने तिला सांगितलं. गेल्या उन्हाळ्यापासून. तिने मार्चमध्येच ओळखलं होतं आणि तिला वाटलं मी त्याला सांभाळून घेतो आहे. "मी मनात तुझं कौतुक करत होते," ती म्हणाली. हे ऐकून मी उठून गॅरेजमध्ये गेलो.

चार महिने तो कानाने मोजत होता. आवाज आला की लागली. नाही आला की चुकली. आणि चुकली म्हणायचं तर कुठे चुकली तेही सांगायला हवं. ते तो मनाने सांगत होता आणि मी तिथे साईट नेत होतो.

म्हणजे नळीत काहीच दोष नव्हता. डेलने सांगितलं होतं. मी त्यालाच दम दिला, ऑर्विलच्या शब्दावर शंका नको म्हणून. माझी निष्ठा अशी की मित्राच्या शब्दाखातर मित्राची वस्तू कोरून काढली, आणि मग त्याच मित्राला चारचौघांत आंधळा म्हणालो.

डेलला फोन केला. जुन्या नळीचं आतलं काही राहिलं आहे का? "राहणार काय," तो म्हणाला. "भुगा होतो. झाडून टाकला."

२२ जून

तीन वेळा ऑर्विलच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आज त्याचाच फोन आला. "रविवारी घळीत ये. रायफल आण. या खेपेला दुर्बिणीवर तू." आवाज नेहमीसारखा होता. मला त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर जेवण गेलं असतं.

२५ जून

आज गेलो. सगळं जसं झालं तसं लिहितो.

टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवल्या, त्यांच्यावर रायफल. ऑर्विल स्टुलावर बसला आणि दस्ता खांद्याला लावला. त्या खांद्याला काही झालेलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"तू नेम लावून दे," तो म्हणाला. "चाप मी ओढतो."

मी वाकून दोन्ही साईट जुळवल्या, पिशव्या दाबल्या आणि दुर्बिणीकडे गेलो. वारा तोंडावर येत होता, गवताचा वास घेऊन. तो थोडा वेळ नुसता गालावर दस्ता टेकवून राहिला. मग ओढला. धूर आमच्या अंगावरून मागे गेला. दुर्बिणीत मला स्पष्ट दिसलं: बायसनच्या खाली, दोन हात अलीकडे मातीचा फवारा.

"लागली," मी म्हणालो.

मला काय झालं होतं कुणास ठाऊक. त्याला एक तरी द्यावी असं वाटलं.

ऑर्विल हलला नाही. "आवाज?"

"वारा आहे ना."

"वारा माझ्या तोंडावर आहे, लॉईड. त्या बाजूला कुणी शिंकलं तरी मला इथे ऐकू येईल." त्याने दस्ता खाली घेतला. "ते काम मी केलं चार महिने. तू नको करूस. कुठे गेली?"

"खाली. दोन हात. रेषेत होती."

"हां," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पत्रा वाजल्यावरही कधी पाहिलं नव्हतं. "आता कसं. आता सुधारता येईल."

मी म्हणालो, "ऑर्विल, त्या दिवशी मी—"

"ते जाऊ दे. विचारलंस म्हणून सांगता आलं. नाहीतर कधी सांगितलं असतं?" त्याने गजाकडे हात केला, मी दिला. ओली चिंधी लावून त्याने नळीत घातला आणि गज सरळ आरपार गेला, कुठेही न थांबता. त्याने तो तसाच आत राहू दिला. "आता दुसरं सांग."

मला पळून जावंसं वाटलं. गाडी समोरच होती.

"अस्तर घातलं," मी म्हणालो. "एप्रिलमध्ये. डेलने."

"उचकी नाही लागली," तो म्हणाला. "मेमध्ये. पहिल्याच चिंधीला कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने बोलणार? मी विचारलं असतं का बदललीस, तर तू म्हणाला असतास गोळ्या कुठेही जातात म्हणून. कुठेही कोण पाठवत होतं?" तो थोडं हसला, पण ते हसणं लवकर संपलं. "घरी बसलो असतो तर संपलंच होतं रे. वाटलं, आवाज तर येतोय. आवाजावर एक उन्हाळा निघेल."

मी माफी मागितली. नीट शब्दात मागितली, घरून जुळवून आणलेल्या शब्दांत, आणि ते सगळे खोटे वाटत होते. तो ऐकून घेत होता की नाही कळत नव्हतं, कारण त्याचं तोंड माझ्याकडे होतं आणि डोळे डोंगराकडे.

"जुनं आतलं कुठे आहे?" त्याने मधेच विचारलं.

"भुगा होतो. डेलने झाडून टाकला."

तो रडला असता किंवा ओरडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. त्याने गज बाहेर काढला, चिंधी काढून खिशात ठेवली. मग हाताने नळी चाचपत टोकाकडे गेला, आणि वीतभर अलीकडे खोम्यावर अंगठा थांबला.

"बाहेरून तर आहे अजून," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. एवढं एकच खरं मला न अडखळता सांगता आलं.